वीजराणीपुढचा केळंबा

"हा कशाला ठेवलाय टीममध्ये?"

प्रश्न माझ्या तोंडून निघाला तेव्हा तो मुलगा कोण, कुठला, मला काहीच माहीत नव्हतं. पण शेजारच्याच्या फोनवर चूक दिसली की मला गप्प बसता येत नाही... आणि ही चूक चांगली जाडजूड, हिरवीगार, पानापानांची होती.

विरारहून निघालेली बस आगाशीला रेंगाळली होती. ऑगस्टचा पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. खिडकीशी बसलेल्या त्या मुलाच्या मांडीवर पाण्याच्या पंपाचा कसलासा सुटा भाग, पायाशी खताची पिशवी आणि हातात फोन. फोनवर 'वनासुर' उघडलेलं.

त्याने सावकाश मान वर केली. इतकी सावकाश, की मधल्या वेळात मी त्याच्या पापण्या मोजू शकले असते. मोजल्या नाहीत. पण लांब होत्या, एवढी नोंद झाली.

"कोण, केळंबा?"

"तोच. हल्ला वीस, वेग अकरा. अख्ख्या खेळात याच्याहून मंद एकच असुर आहे, आणि तो दगड आहे."

"सगळे आकडे पाठ आहेत तुम्हाला?"

"सगळे."

"मग याचा जीव किती, ते नाही सांगितलंत."

"दोनशे अठरा," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मलाच तो आकडा जरा मोठा वाटला.

"हां..." तो हसला. "म्हणजे टीममध्ये एक जण तरी असा आहे, ज्याला कुणी लगेच पाडू शकत नाही."

"पडत नाही, पण पाडतही नाही. खांब आहे तो. नंदाखालला मार्गारेट आंटींच्या केकच्या दुकानावर, माळ्यावर आम्ही रविवारी चारला खेळतो. या कधी. तुमच्या खांबासकट हरवून पाठवते."

"आज रविवारच आहे."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला. त्याला वटारला घरी जायचं होतं. पण नंदाखालला मी उतरले तेव्हा मागोमाग पंपाचा भाग आणि खताची पिशवी सावरत तोही उतरला.

ज्यांना वनासुर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फोनवरचा झुंजींचा खेळ आहे. असुर पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या असुरांशी लढवायचे. वरवर पोरखेळ. पण जोडीच्या स्पर्धेत उतरलं की घाम फुटतो. दोघांनी मिळून सहा असुरांची टीम बांधायची, तीन तुझे, तीन माझे. मैदानात दोघांचा एकेक. प्रत्येक असुराला सरावाचे शंभर गुण मिळतात. ते हल्ल्यात घालायचे, वेगात घालायचे की जिवात, हे आपण ठरवायचं. कुठला असुर कुठल्या चाली खेळतो हे समोरच्याला आधी दिसतं. गुण कुठे घातलेत ते मात्र दिसत नाही. सगळी मजा त्या न दिसणाऱ्यात आहे.

मी वालीवला एका पॅकिंगच्या गाळ्यात स्टोअर सांभाळते. किती खोके आले, किती गेले, कुठल्या मापाचे कमी पडले, हे लिहिणं माझं काम. ती सवय संध्याकाळी गाळ्यातच सोडून येता येत नाही. म्हणून माझ्या पिशवीत एक लांबट वही असते आणि तिच्यात माळ्यावरची प्रत्येक झुंज असते. कोण कधी घाबरतो, कोण जिंकत आला की उतावीळ होतो, कोण हरल्यावर नेटवर्कला शिव्या देतो.

त्या दिवशी पहिली झुंज मी चार मिनिटांत जिंकले. दुसरी त्याने जिंकली. तिसरी बावीस मिनिटं चालली. मी केळंब्यावर वीज पाडली, गारा पाडल्या, त्याच्या अंगावर भुंगे सोडले, आणि तो आपला पानं हलवत उभा! शेवटी माझ्याकडचं सगळं संपलं आणि त्याच्या मागून शेवाळी नावाची एक फडतूस असुर येऊन मला हरवून गेली.

"हे काय खेळणं आहे?" मी फोन पालथा टाकला.

"आमच्याकडे वाडीत कुणीच एकटं नसतं," तो म्हणाला. नाव धवल राऊत, एवढं तोवर कळलं होतं. "वर नारळ, खाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, ओलाव्याला केळ. कोण कुणाच्या आधाराने उभं आहे ते बघून लावायचं. टीम पण तशीच लावली."

मी दोन वर्षं टीम बांधत होते. सहा सगळ्यात जोरदार असुर निवडायचे आणि मग ते एकमेकांत का बसत नाहीत म्हणून डोकं खाजवायचं, ही माझी पद्धत. आणि हा मनुष्य पंपाचा भाग मांडीवर घेऊन मला सांगत होता, की सहा पैलवान म्हणजे टीम नव्हे, ती गर्दी. मनातल्या मनात मी त्याला दहापैकी नऊ दिले. एक कापला, कारण तो बोलताना माझ्याकडे बघत होता आणि मला पुढचा मुद्दा ऐकूच आला नाही.

"जोडी आहे का तुमची?" मी विचारलं. लगेच सुधारलं. "म्हणजे खेळात."

"खेळात पण नाही," तो म्हणाला.

खाली दुकानातून मार्गारेट आंटींचा आवाज आला, "उन्नती, त्या मुलाला चहा विचारलास का? का नुसतंच हरवलंस?"

"तोच जिंकला, आंटी!"

"अरे वा. मग त्याला केक पण दे."

*

सप्टेंबरच्या शेवटी विरारला जोडीची स्पर्धा होती. पहिल्या दोन जोड्या पुण्याच्या राज्य फेरीत जाणार होत्या. मला पुण्याला जायचं होतं, आणि त्याहून जास्त मला केनीला हरवायचं होतं.

केनी माझा आधीचा जोडीदार. वाईट मुलगा नाही. हसरा आहे, चेंगट नाही, आणि हात विजेसारखा चालतो. वर्षभर आम्ही एकत्र खेळलो. मग एका रविवारी माळ्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "उन्नती, तू हिशेब भारी करतेस यार. पण मैदानात तुला सांभाळावं लागतं. तू मला आकडे देत जा, खेळायला मी सेबॅस्टियनला घेतो." सेबॅस्टियन त्याचा आतेभाऊ. ते दोघं जिंकायला लागले, माझेच आकडे वापरून. मला 'सांभाळावं लागतं' हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहायची गरजच पडली नाही.

म्हणून धवल जोडीदार झाला तेव्हा मी पहिल्याच दिवशी बजावलं. "मला सांभाळायचं नाही. मी खेळाडू आहे. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. त्या दिवसापासून आम्ही 'तुम्ही' सोडलं.

त्याला बघत राहावं असं खूप काही होतं. तो पाच-पाच मिनिटं एका चालीचा विचार करायचा आणि हरला तर समोरच्याची चाल त्याच्याकडूनच समजून घ्यायचा. माझा हिशेब कधी अर्धा ऐकायचा नाही. मी म्हणाले, "आपल्या काळभुंग्याला सहा गुण वेगात हवेत, म्हणजे तो समोरच्या गारठा असुराच्या आधी उडतो," तर तो विचारायचा, "सहाच का? पाच का नाही?" आणि मी पाचने काय बिघडतं ते करून दाखवेपर्यंत हलायचा नाही. माझ्या आकड्यांना एवढा मान आजवर माझ्या शेठनेही दिला नव्हता.

दर रविवारी तो वाडीतला सोनचाफा घेऊन यायचा. चार फुलं आंटींना. एक माझ्या वहीवर.

"हे काय?"

"एक जास्त होतं."

पाच रविवार झाले. पाचही रविवारी एकच फूल जास्त होतं. मी स्टोअर सांभाळते. दर खेपेला तेवढाच माल जास्त येत असेल तर तो चुकून येत नाही, हे मला कळतं. पण मी तो परत पाठवला नाही. वहीच्या पानांना सुगंध येत होता, आणि कुठल्या पानाला जास्त येतो ते मी बघत बसायचे.

आमची टीमही जमत आली होती. तिची राणी माझी वीजराणी. वेगाने पहिली, वार सगळ्यात जबर, पण कातडी कागदाची. एक दणका बसला की आडवी. तिच्या शेजारी धवलचा केळंबा. त्याच्याकडे दोन चाली होत्या. एक 'आडोसा', म्हणजे जोडीदाराच्या पुढे उभं राहून त्याचा मार आपण खायचा. दुसरी 'पाट', म्हणजे खोडात साठवलेलं पाणी समोरच्यावर सोडायचं. भिजलेल्यावर वीज दुप्पट लागते. कागदावर ही जोडी इतकी सुंदर दिसत होती, की मी तिची चौकट दोनदा गिरवली होती.

आणि तरी आम्ही केनीसमोर हरत होतो. सरावात सहापैकी सहा वेळा.

*

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी मी वही उघडली आणि आमच्या जोडीच्या सगळ्या शेहेचाळीस झुंजी तपासून काढल्या. मग धवलला समोर बसवलं. माळ्यावर केनी होता, सेबॅस्टियन होता, आंटीही चहाचे कप गोळा करायला वर आल्या होत्या. मला वाटलं, लपवण्यासारखं काय आहे? चूक सापडली आहे, सांगून टाकावी.

"धवल, तुझ्यात एक बिघाड आहे."

"कुठे?"

"शेहेचाळीस झुंजींत तू एकोणचाळीस वेळा आडोसा खेळलास. त्यातल्या सत्तावीस वेळा गरज नव्हती. समोरचा तुझ्या केळंब्यावरच येणार हे स्पष्ट होतं, तरी तू वीजराणीच्या पुढे. समोरचा मारणारच नव्हता, तरी तू वीजराणीच्या पुढे. एकदा तर मी वीजराणीला मैदानाबाहेर काढत होते, तरी तू पुढे! आणि पाट किती वेळा सोडलास माहीत आहे?"

त्याने वहीत डोकावून बघितलं.

"शून्य. दोनशे अठरा जीव घेऊन नुसता उभा राहतोस आणि पाणी खोडातच राहतं. हे असं का होतं? अंगठा सटकतो का? बटणं जवळजवळ आहेत म्हणून?"

 सेबॅस्टियनने एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. केनी ओठ दाबून हसत होता. आंटींनी हातातले कप टेबलावर ठेवले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "एवढं सगळं लिहिलंस... आणि वाचलं नाहीस होय?"

मी धवलकडे बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. आणि मला — उशिरा, फार उशिरा — ते आकडे वाचता आले.

दुसरी कुणी असती तर लाजली असती. मला आधी काय आठवलं असेल, तर 'मैदानात तुला सांभाळावं लागतं.' तेही त्याच माळ्यावर, त्याच केनीसमोर.

"म्हणजे तुलाही वाटतं मला सांभाळावं लागतं," मी म्हणाले.

"तसं नाही, उन्नती..."

"तसंच आहे. हे बघ, एकोणचाळीस वेळा तसंच आहे."

मी वही पिशवीत कोंबली आणि जिना उतरले. तो मागून आला नाही. बसमध्ये मला त्याचाही राग आला.

*

बुधवारी मी अर्धी रजा टाकून वटारला गेले. जोडी मोडते म्हणून सांगायला. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माणूस काय चेहरा करतो ते दिसत नाही.

वाडीत शिरताच ओल्या मातीचा आणि चाफ्याचा एकदम वास आला. आत धवल आणि त्याचे बाबा, विद्याधरकाका, वाद घालत होते. काकांच्या हातात कोयता होता आणि धवल एका केळीला पाठ लावून उभा होता. शब्दशः पाठ लावून!

"बाबा, राहू दे ना. अजून एक पावसाळा."

"दर वर्षी हेच. सरक."

मला बघून दोघं थबकले. काकांनी कोयता खाली केला. "तू उन्नती ना? ये. तूच सांग याला."

"काय सांगू काका?"

"ही सुपारी बघ." त्यांनी केळीमागचं रोप दाखवलं. उंच होतं, पण बारीक, थोडं वाकलेलं. "सुपारी लहान असते तेव्हा तिला ऊन सोसत नाही. म्हणून बाजूला केळ लावायची, सावलीला. ते बरोबर आहे. पण सुपारीने मूळ धरलं, की केळ काढायची. नाही काढली तर ती सावलीतच नुसती लांब होत जाते, खोडात दम येत नाही. पहिल्या वाऱ्याला मोडते. ती पलीकडची रांग बघ, तिथली केळ मी वेळेवर काढली."

पलीकडच्या सुपाऱ्या ताठ उभ्या होत्या. उन्हात.

"यालाही माहीत आहे हे सगळं," काका म्हणाले. "शेतकीची पदवी आहे. पण जीव होत नाही. म्हणतो, ऊन लागेल तिला."

धवल मातीकडे बघत होता. मी त्याच्याकडे. त्याने मान वर केली... सावकाश, नेहमीसारखीच. पण या वेळी त्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"मला तू कच्ची वाटत नाहीस," तो म्हणाला. "देवाशपथ. माझ्या ओळखीत तुझ्याएवढं पक्कं कुणी नाही. पण तुझ्या वीजराणीकडे कुणी बघितलं, की माझा अंगठा... विचारत नाही मला."

काकांना एकाएकी विहिरीवरचा पंप बघायची आठवण झाली. जाताना कोयता मात्र धवलच्या हातात देऊन गेले.

 धवल वळला आणि त्याने केळ कापली. तीन घावांत. कापल्या खोडातून पाणी गळायला लागलं, इतकं, की त्याची चप्पल भिजली. सुपारीच्या शेंड्यावर पहिल्यांदा ऊन पडलं. रोप जरासं हललं आणि राहिलं उभं.

मी जोडी मोडायला आले होते. त्याऐवजी बांधावर बसले आणि पिशवीतून वही काढली.

"केनीचा ज्वालामुख," मी म्हणाले, "त्याची आग वीजराणीवर पडली तर जास्तीत जास्त किती लागते?"

तो हात पुसत शेजारी येऊन बसला. "एकशे एकतीस."

"तिचा जीव एकशे अठरा. म्हणून ती मरते. आता ऐक. तुझा केळंबा सगळ्यांत मंद. तू पाट सोडलास तरी तोवर तिचा वार होऊन गेलेला असणार. कोरड्यावर वीज पडते आणि वाया जाते. म्हणजे तिचा वेग आपल्या उपयोगाचाच नाही. तिला 'थांबवार' शिकवायचा. सगळ्यांच्या शेवटी वार. आधी आग, मग तुझं पाणी, मग माझी वीज. भिजलेल्यावर, दुप्पट."

"पण तोवर ती आग खाते."

"खाऊ दे. वेगातले चौदा गुण काढते आणि जिवात घालते."

त्याने मनात बेरीज केली. मला ती त्याच्या ओठांवर दिसली. "एकशे बत्तीस. म्हणजे... एक उरतो."

"एक उरतो."

"एकच?"

"पुरतो एक." मी वही मिटली. "फक्त तू मध्ये यायचं नाहीस. केनीला तुझी सवय माहीत आहे. तो वीजराणीवरच आग सोडणार. तू मध्ये आलास तर केळंबा जळतो, नाही आलास तर वीजराणी मरते, असं तो धरून चालणार. ती मरत नाही, हे फक्त आपल्याला माहीत असेल. जमेल तुला?"

त्याने लगेच हो म्हटलं नाही. हीच त्याची मला आवडणारी गोष्ट. खोटं 'हो' त्याच्या तोंडून निघतच नाही.

"प्रयत्न करतो," तो म्हणाला.

*

स्पर्धेच्या हॉलमध्ये चाळीस जोड्या होत्या, आणि उपांत्य फेरीत आमच्यासमोर केनी आणि सेबॅस्टियन. जो जिंकेल तो पुण्याला. तीन झुंजींतल्या दोन जिंकायच्या होत्या. पहिली त्यांनी घेतली, दुसरी आम्ही, वीजराणीला एकदाही आगीपुढे न आणता.

खेळाआधी सगळ्यांच्या चाली पडद्यावर आल्या, तेव्हा वीजराणीपुढे 'थांबवार' बघून केनी मोठ्याने हसला होता. "उन्नती, तुझ्या राणीला पेन्शन लावलीस काय? सगळ्यांच्या मागून चालणार?"

"तू पुढे हो रे, आम्ही येतो," मी म्हणाले.

तिसऱ्या झुंजीत दोन्हीकडचे एकेक पडत गेले. शेवटी त्यांच्याकडे उरला केनीचा ज्वालामुख, जीव अजून जवळजवळ भरलेला. आमच्याकडे केळंबा आणि अजून एकही वार न खाल्लेली वीजराणी. चाल निवडायला तीस सेकंद.

मी माझी चाल लावली. थांबवार. आता माझ्या हातात काही नव्हतं. उरलेलं सगळं शेजारच्या अंगठ्यावर होतं.

धवलच्या फोनवर दोन बटणं होती. आडोसा आणि पाट. त्याचा अंगठा आडोशावर होता. वीस सेकंद.  केनी समोरून त्याच्याकडे बघत होता, आरामात, शेवट माहीत असलेला सिनेमा बघावा तसा. बारा सेकंद.

मला म्हणता आलं असतं, 'धवल, पाट.' मी नाही म्हणाले. सांगून झालं होतं. एवढंच बघायचं होतं, की तो मला उन्हात उभं राहू देतो का.

चार सेकंद... त्याने डोळे मिटले, आणि अंगठा सरकला.

ज्वालामुखाने तोंड उघडलं. आगीचा लोट वीजराणीवर आला आणि मध्ये कुणीही नव्हतं. तिच्या जिवाची हिरवी पट्टी सरसर उतरायला लागली. पिवळी झाली, लाल झाली, दोऱ्याएवढी झाली...

आणि थांबली. एक.

"अरे?" सेबॅस्टियन उभाच राहिला. "मेली नाही?"

मग केळंबा हलला. शेहेचाळीस झुंजी नुसता उभा राहिलेला तो ठोंब्या वाकला आणि त्याने साठवलेलं सगळं पाणी एकदम सोडलं. पडदा निळा झाला. ज्वालामुख भिजून काळा पडला. आणि सगळ्यांच्या शेवटी, निवांत, माझी राणी निघाली. एक जीव हातात धरून. तिने हात उचलला, आणि हॉलमध्ये ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनीही वर बघितलं.

 केनीने हात पुढे केला. धवलपुढे नाही, माझ्यापुढे.

"भारी खेळलीस," तो म्हणाला. "खरंच. मी चुकलो होतो यार."

"माहीत आहे," मी म्हणाले, पण हात मात्र मनापासून मिळवला.

अंतिम फेरीत नालासोपाऱ्याच्या दोन बहिणींनी आम्हाला नऊ मिनिटांत धुऊन काढलं. पण पुण्याचं तिकीट मिळालंच होतं, आणि तोवर आम्हा दोघांचंही खेळात लक्ष उरलं नव्हतं.

*

बाहेर दुपारचा पाऊस नुकताच ओसरला होता. रस्त्यावर जागोजागी तळी साठली होती आणि त्यांत उतरतं ऊन हलत होतं. आम्ही कडेकडेने चालत होतो.  गर्दी नसतानाही त्याचा खांदा अधूनमधून माझ्या खांद्याला लागत होता.

"डोळे का मिटलेस?" मी विचारलं.

"उघडे ठेवले असते तर जमलं नसतं." तो थांबला. "उन्नती, ती पट्टी खाली येत होती ना... माझ्या आयुष्यात एवढे वाईट तीन सेकंद मी बघितले नाहीत."

"डोळे तर मिटले होतेस!"

"ऐकू येत होतं."

मला हसू आलं. 

"आजवर सगळे मला सांभाळतच आले," मी म्हणाले. "आई-बाबा, केनी, गाळ्यातले शेठ. कुणी असं उभं राहू दिलं नव्हतं. तू घाबरलास, तरी राहू दिलंस. म्हणून मला तू..." वाक्य अर्ध्यात अडकलं. आकडा असता तर सांगितला असता.

"तू आवडतेस मला," तो म्हणाला. माझं अडकलेलं वाक्य त्याने सावकाश, न घाबरता पुरं केलं, फक्त त्याच्या बाजूने. "बसमध्ये केळंब्याला नावं ठेवलीस तेव्हापासून. तू उतरेपर्यंत प्रत्येक स्टॉपला मी तुला हे सांगायचं ठरवत होतो."

"मलाही," मी म्हणाले. "मलाही तू. आणि मी उगाच कुणाला नऊ गुण देत नाही."

"नऊ? एक कशाचा गेला?"

"तो मिळाला आज."

त्याने माझा हात धरला. त्याचा तळवा खरखरीत होता, गरम होता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "खेळात परत कधी मध्ये येणार नाही. शब्द देतो. पण बाहेर... ती सवय जाईल असं वाटत नाही मला."

मी विचार केला. खरंच केला.

"बाहेर चालेल," मी म्हणाले. "पण आधी विचारायचं. न विचारता मध्ये यायचं नाही."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"बरं," तो म्हणाला, आणि तेवढ्यात समोरच्या वळणावरून पाण्याचा एक टँकर भरधाव आमच्याच कडेने आला. आमच्या अगदी पायाशी, रस्त्यावर भलंमोठं तळं. धवलने टँकर बघितला, तळं बघितलं, मला बघितलं. त्याचं एक पाऊल माझ्या पुढे पडलं, आणि हवेतच थांबलं.

"उन्नती," त्याने घाईघाईने विचारलं, "मध्ये येऊ का?"

मी 'ये' म्हणायला तोंड उघडलं आणि टँकर तळ्यातून गेला.

दोघंही डोक्यापासून पायापर्यंत चिंब. त्याच्या त्या लांब पापण्यांवरून गढूळ पाणी गळत होतं, आणि तो अजून माझ्या उत्तराची वाट बघत, एक पाय उचलून, तसाच उभा होता.